श्यामस्कोप

सोमवार, २ फेब्रुवारी १९५९

श्यामस्कोप!

हा शब्द आज आप्पासाहेबांच्या थिएटरच्या भिंतीवर वाचला. हातभर उंच अक्षरं, लाल. 'पुण्यात तयार झालेला भव्य रुंद पडदा — लवकरच!' जाहिरातीची खळ अजून ओली होती.

या रुंद पडद्याची काच कोणी घासली? मी. चार वर्षं कोणी घासली? मीच. श्यामराव गुर्जरांनी ती कॅमेऱ्यापुढे लावली आणि फिल्म फिरवली!

तसाच स्टुडिओत गेलो. म्हणालो, "आपल्याकडे बारशाला आईलाही बोलावतात, श्यामराव."

ते कॅमेरा पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "नाव आप्पासाहेबांनी ठेवलं. लोकांना माझं नाव ठाऊक आहे म्हणे."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो."

निदान खोटं तरी बोलायचं! त्यांच्या खरेपणाचाच राग जास्त आला.

बुधवार, ४ फेब्रुवारी

दुकानात लक्ष नाही. एका मास्तरांच्या चष्म्याला डावी काच उजवीकडे बसवली. त्यांनी घालून पाहिला, म्हणाले, "यज्ञेश्वरराव, जिना हलतोय." हलणारच!

कल्पना श्यामरावांची, कबूल. चित्र कॅमेऱ्यात आडवं दाबून घ्यायचं, म्हणजे नेहमीच्याच फिल्मवर दुप्पट रुंद देखावा मावतो. थिएटरात उलटी काच लावून ते पुन्हा पसरायचं. पण ही कल्पना अमेरिकेत कधीच झाली. अवघड आहे ती काच! चष्म्याची गोल काच घासताना हात कसाही फिरवा, चालतं. ही काच पन्हळीसारखी. एकाच दिशेने घासायची. मनगट केसभर वळलं की आठवड्याचं काम फुकट. मला कोणी कॉलेजात शिकवलं नाही. आप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं आणून, कोश जवळ ठेवून शिकलो. पितळी नळी तांबट आळीतून तीनदा परत पाठवली. तांबट म्हणाला, "यातून काय देव दिसणार आहे का?" म्हटलं, देव वाकडा दिसला तरी मला चालणार नाही.

आणि नाव श्यामस्कोप!

शनिवार, ७ फेब्रुवारी

उद्या सकाळी थिएटरात चाचणीचं रीळ. पसंत पडलं तर आप्पासाहेब आमच्या काचेवर अख्खा सिनेमा काढणार. नाहीतर मुंबईहून परदेशी लेन्स भाड्याने. बायकोला म्हटलं, शकू, तूही चल. "मला काय कळतंय त्यातलं?" म्हणाली, आणि लगेच ठेवणीतलं पातळ काढलं.

रविवार, ८ फेब्रुवारी

आधी चांगलं लिहितो. पर्वती दिसली — अख्खी! टेकडी, पायऱ्या, खालची झाडी, सगळं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कळस सरळ. एक रेघ वाकलेली नाही. आप्पासाहेब खुर्चीतून उठले. कोथरूडची जमीन विकून थिएटर बांधणारा गडी, पण तोही पडद्याजवळ जाऊन उभा राहिला. मी टाळी वाजवली, खोटं कशाला लिहू?

मग नायिका आली. नीरजा. दुरून झाडाखाली उभी होती तोवर छान. कॅमेरा जवळ गेला, ती रडायला लागली, आणि तिचे गाल पसरले. बारीक चणीची पोरगी, पडद्यावर हा एवढा भोपळा!

शकू अंधारात म्हणाली, "अहो, हिला गालफुगी झालीय का?"

सगळं थिएटर हसलं. माझी बायको! ठेवणीतलं पातळ नेसून!

दिवे लागले. आप्पासाहेब म्हणाले, "काय राव हे! माझ्या हिरॉइनीला लोक दवाखान्यातल्यावानी भाकर घेऊन बघाया येतील व्हय? दुखणं हाय कुणाचं, काचंचं का कॅमेऱ्याचं?"

मी म्हणालो, "काच निर्दोष आहे. भिंतीवर वर्तुळं काढून तपासली आहे. पर्वती पाहिलीत ना?"

श्यामरावांनी हळूच विचारलं, "वर्तुळं किती लांबून तपासलीत?"

"गल्लीच्या त्या टोकावरून."

"नायिका गल्लीच्या टोकाला उभी राहून रडत नाही, यज्ञेश्वरराव."

चारचौघांत! मी प्रोजेक्टरवरची काच काढली, श्यामरावांच्या पेटीतली कॅमेऱ्याची घेतली, दोन्ही पंच्यात गुंडाळल्या आणि निघालो. मागे वळून पाहिलं तर श्यामराव आप्पासाहेबांना कोपऱ्यात घेऊन काहीतरी सांगत होते. माझ्याच नावाने खडे फोडत असणार. फोडा!

सोमवार, ९ फेब्रुवारी

कोणाशी बोललो नाही. शकूशी तर नाहीच.

बुधवार, ११ फेब्रुवारी

घरातलं ताट समोर उभं केलं, तीन हातांवर. काच त्यावर जुळवली. दुधी काचेवर उमटलेलं चित्र कर्काटकाने मोजलं. पुन्हा मोजलं. दूरचं वर्तुळ बरोब्बर निम्मं दाबलं जातं. ताट निम्म्यापेक्षा कमी दाबलं गेलं. जवळच्या वस्तूवर जुळवायला लेन्समधल्या दोन भिंगांतलं अंतर बदलावं लागतं, आणि अंतर बदललं की दाब ढिला पडतो. थिएटरातली काच मात्र सगळ्यांना सारखीच पसरते. म्हणून गाल.

म्हणजे दोष काचेचाच.

तरीही! जवळून तपासा, असं कॅमेरावाल्याने आधी सांगायला नको? हे कोणाला सांगणार नाही. श्यामरावांना तर मुळीच नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

सापडलं!! शकू तांदूळ निवडत होती. खाली बघताना चष्मा घालते, दारात कोण आलं ते बघताना काढते. डोळा काही बदलत नाही, पुढची काच बदलते. आणि मी चष्मेवाला असून बघत बसलो होतो!

आपली लेन्स कायम दूरच्या खुणेवर ठेवायची. हलवायचीच नाही. नायिका जवळ आली की पुढे चाळिशीची एक साधी गोल काच. दुकानातलीच लावली. ताट बरोब्बर निम्मं! तीन हातांवर एका नंबराची, दोन हातांवर दुसऱ्या, कुठेही!

शकूला म्हटलं, "लेन्सला चाळिशी लागली होती."

"सहा दिवसांनी तोंड उघडलंत, तेही लेन्सबद्दल," म्हणाली. चहा मात्र दिला.

रविवार, २२ फेब्रुवारी

काचा घेऊन परस्पर आप्पासाहेबांकडे गेलो. श्यामरावांना कशाला विचारायचं? स्टुडिओत नीरजाला समोर बसवून आप्पासाहेबांनी स्वतः दोन्ही काचांतून पाहिलं. आधी चाळिशीशिवाय, मग चाळिशी लावून. गाल जागेवर! नीरजाने मला वाकून नमस्कार केला.

अट सांगितली. नाव बदला. श्यामरावांचं नाव कुठेही नको, नाहीतर काच मिळणार नाही.

"मंजूर! तुमच्या नावाची पाटी लावू," आप्पासाहेब म्हणाले. "आन् श्यामरावाचं म्हणाल तर त्याला रीळ बघितलं त्याच दिवशी काढला. कॅमेऱ्याला मुंबईचा माणूस येतोय."

"बरं केलंत," मी म्हणालो.

चार वर्षांनी शांत झोप लागेल.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

शकूला मंडईत श्यामरावांची बायको भेटली. बोलायला तयार नव्हती. मग रडली. त्या रविवारी श्यामरावांनी आप्पासाहेबांना कोपऱ्यात नेऊन सांगितलं होतं: "काचेत दोष नाही, माझंच जुळवायला चुकलं. मला काढा, पण मुंबईची लेन्स आणू नका. यज्ञेश्वररावांना थोडा वेळ द्या." स्वतःहून! आणि दोष कुठे आहे हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

दोष काचेचा, हे मला ११ तारखेपासून ठाऊक होतं. आणि परवा मी म्हणालो, बरं केलंत.

आप्पासाहेबांना निरोप धाडला आहे: नाव श्यामस्कोपच राहील, कॅमेऱ्यावर श्यामरावच बसतील, नाहीतर काचा परत. आता टोपी घालून त्यांच्याकडे निघालो आहे. भांडायला! नाव घेतलं ते घेतलं, पण माझी चूक घ्यायची परवानगी या गृहस्थाला कोणी दिली?