मागचा डावा हुक

अहो,

रात्रपाळी करून आत्ताच डोळा लागलाय तुमचा, म्हणून उठवलं नाही. मी ताईकडे जातेय. जेवण झाकून ठेवलंय. गरम करून घ्या, उभ्याउभ्या गार गिळू नका.

ड्यूटीचा पट्टा दारामागच्या खुंटीवर आहे. खांद्यांवरून घ्यायचे गॅलिस पुसून त्याच्यासोबतच ठेवलेत. लाजू नका, जॅकेटखाली कुणाला दिसत नाहीत. बेड्या, टॉर्च, वॉकीटॉकी, पिस्तूल असा सगळा संसार कमरेला बांधून वाकडे चाललात, तर चोरसुद्धा हसतील. भार खांद्यांवर घ्या असं डॉक्टर म्हणालेत, त्यांचं तरी ऐका.

गॅलिसचे पुढचे हुक पट्ट्याला तुमचे तुम्हाला लागतात. मागचे रोज मी लावते. तुम्ही पाठ करून उभे राहता, तेवढ्यात मी दिवसभराचं बोलून घेते, आणि तुम्ही विचारता, "झालं का?" परवा तुमच्या पाठीला सांगितलं, की या घरात मला एकटीला करमत नाही. तेव्हाही तुम्ही तेच विचारलंत.

म्हणून माझ्यावाचून तुमचं अडू नये, असं ठरवून आज तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मागचा उजवा हुक पट्ट्याला कायमचा शिवून टाकला. पट्टा जाड, सुई मोडली, पण टाका उसवायचा नाही. डावाही शिवायला घेतला होता. मग तसाच ठेवला.

तो तुम्हाला एकट्याला लागणार नाही. नाही लागला, की ताईकडे या. दारात मात्र पाठ करून उभे राहू नका.