उसन्या दिलेल्या आवाजाची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिंपीण, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण तिसरी पास, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. सुईत दोरा अजून माझा मीच ओवते. मला कोणी धाक दाखवलेला नाही. दाखवला असता तर त्याचं वर्णन इथेच पहिल्या ओळीत आलं असतं. वकीलबाई सगळं टाइप करून द्यायला तयार होत्या, पण त्यांनी लिहिलेलं वाचलं तर मेलेलं माणूस दुसरंच कोणी आहे असं वाटलं. म्हणून त्यांचे शब्द लागतील तिथे घेतले आहेत, बाकीचे माझे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. याच्यानंतर कोणी दुसरं दाखवलं तर ते खोटं समजावं.

घाईची कारणं दोन. एक, डॉक्टर म्हणतात हृदयाची झडप सैल झाली आहे. दुसरं, माझ्या वरच्या मजल्यावर जन्मलेली खेळांची कंपनी तिच्याच वैऱ्याने विकत घेतली आहे, आणि त्या वैऱ्याला माझा आवाज हवा आहे. मी जिवंत आहे तोवर तो मिळत नाही हे कळल्यापासून ते मी मरायची वाट बघत आहेत. बघू देत. पण वाट बघून हाती काय लागेल ते आधीच लिहून ठेवते.

१. घर. खाली दुकान, वर दोन खोल्या, मागे पाण्याची टाकी. हे सगळं माझ्या स्वतःच्या कष्टाचं आहे, वाडवडिलांकडून आलेलं नाही, त्यामुळे मी ते कोणालाही देऊ शकते असं वकीलबाई सांगतात. ते मी माझ्या नातीला, म्हणजे माझ्या गेलेल्या मुलीच्या मुलीला देते. टाकीचा नळ रात्री घट्ट बंद करावा लागतो, हे तिला माहीत आहे.

२. बँकेतली ठेव थोरल्याला, म्हणजे माझ्या मुलाला. ती त्याच्या बापाने ठेवलेली आहे, तिच्यात मी हात घातला नाही. थोरल्याने या मृत्युपत्राविरुद्ध कोर्टात अर्ज केला तर ती ठेवही नातीकडे जाईल. असं का, ते कलम पाचमध्ये वाचावं. बसून वाचावं.

३. आता आवाज. वकीलबाई म्हणाल्या, आवाजाला मालमत्ता म्हणायचं तर तो कुठून आला ते लिहावं लागेल. लिहिते.

वरच्या खोल्या मी सोळा वर्षांपूर्वी चार पोरांना भाड्याने दिल्या. त्यांतल्या म्होरक्याला मी चष्म्या म्हणते, आणि तो मला मावशी म्हणतो. ते कॉम्प्युटरवर खेळायचा एक खेळ करत होते. नाव 'उलटी नाव'. खेळणाऱ्याने होडी घेऊन नदी पार करायची. होडी उलटली की एक म्हातारी त्याला गचांडी धरून बाहेर काढते आणि झापते. या म्हातारीसाठी त्यांनी एक नटी आणली होती. ती इतकी गोड झापायची की बुडालेल्याला वाटावं, परत बुडावं आणि तिथेच राहावं.

एके दिवशी टाकीचा नळ त्यांनी उघडा ठेवला आणि माझ्या दुकानात कापडाचे गठ्ठे भिजले. मी वर गेले आणि जे बोलायचं ते बोलले. त्यांचा माईक चालू होता. संध्याकाळी चष्म्या खाली आला. "मावशी, तेच परत बोलाल का?" मी म्हटलं, परत नळ उघडा ठेव, बोलते.

तिथून ते सुरू झालं. माझ्या कापडाच्या खोलीत आवाज घुमत नाही, म्हणून माईक तिथे लावला. पण समोर कोणी चुकल्याशिवाय मला रागावता येत नाही. लिहून दिलेलं वाचलं की शाळेतली कविता होते. मग मी चष्म्याच्या हातात सुई दिली आणि काज करायला बसवला. तो चुकायचा, मी झापायची, यंत्र टिपून घ्यायचं. अशी तीनशे बारा झापणी आहेत, आणि एकेका झापणीमागे एक खरोखर बिघडलेलं काज आहे. दोनशेच्या पुढे तो बरी काजं करायला लागला आणि काम अडलं. तेव्हा त्याच्या तिन्ही दोस्तांना पाळीपाळीने बसवलं.

यातलं एक झापणं फार चाललं असं सांगतात. "रडून झालं असेल तर वल्हं उचल." ते चष्म्याच्या बोटात सुई गेली तेव्हाचं आहे. मुळात मी 'सुई उचल' म्हटलं होतं. दुसऱ्यांदा म्हणताना वल्हं झालं, पण रक्त तेच होतं.

माझ्या दुकानातून कात्रीसुद्धा लिहिल्याशिवाय बाहेर जात नाही. आवाज कसा जाईल? मापांच्या वहीत पान ८७ वर माझ्या अक्षरात आहे: 'आवाज. उसना. या एका खेळापुरता. मागेन तेव्हा परत.' खाली चौघांच्या सह्या आहेत. सह्या करताना ते हसत होते. वर जाऊन त्यांनी बाकी सगळ्यांशी रीतसर करार केले, माझ्याशी करायचा राहिला, कारण त्यांना वाटलं मावशी घरचीच. त्यांची ती चूक आज माझ्या कामाला आली आहे. वही वकीलबाईंच्या कपाटात आहे.

४. कंपनी विकली हे मला चष्म्याने सांगितलं नाही. समोरच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं, आणि तेही "आता वरचे भाडेकरू बदलणार का" असं विचारून. घेणारी कंपनी म्हणजे ज्यांनी आमच्या होडीला इंजिन लावून आपला खेळ काढला होता ते लोक. त्यांच्यातही एक म्हातारी आहे. ती बुडणाऱ्याला शाबासकी देते.

मग खेळणारे पिसाळले. त्यांना वाटलं, आता आपली म्हातारी काढून ती शाबासकीवाली आणणार. नातीने तिच्या कॉम्प्युटरवर दाखवलं. नदीत हजारो होड्या एकदम उभ्या, आणि सगळे मुद्दाम होडी उलटी करून बुडत होते. बाहेर काढलं की परत बुडत होते. मी विचारलं, यांना झालंय काय. नात म्हणाली, "आजी, निषेध आहे. कंपनीला दाखवताहेत की ही म्हातारी गेली तर आम्हीही जाऊ." माझाच आवाज त्या यंत्रातून इतक्यांदा आला की मी तिला बंद कर म्हटलं. पण झोपेपर्यंत डोक्यात तेच होतं. शाळेत बाई म्हणायच्या आवाज खाली. सासूबाई म्हणायच्या आवाज खाली. आमचे हे तर कपडा बेतताना नुसता हात खाली करून दाखवायचे, बोलायचेसुद्धा नाहीत. आणि इथे इतके जण पाण्यात उड्या टाकत होते, का, तर तो आवाज जाऊ नये.

पण सगळंच कौतुकाचं नव्हतं. कोणीतरी चष्म्याच्या घराचा पत्ता सगळीकडे टाकला. त्याच्या दारावर रंग ओतला. त्याच्या बायकोला जे लिहिलं ते नातीने मला वाचून दाखवलं नाही, यावरून ते कसलं होतं ते कळलं. दोन दिवसांनी पंचवीस-तीस पोरंपोरी माझ्या दुकानासमोर पाट्या घेऊन उभी राहिली. त्यांना वाटलं चष्म्या अजून वरच बसतो; विक्रीनंतर त्याने खोल्या सोडल्या होत्या. घोषणा चालू होत्या. मी मोजपट्टी गळ्यात तशीच ठेवून बाहेर आले आणि म्हटलं, गिऱ्हाइकाला वाट द्या.

एवढंच म्हटलं.  एका मुलाची पाटी खाली आली. एक लांब वेणीची मुलगी होती, ती म्हणाली, "आजी, तुम्हीच का त्या?" मी म्हटलं, मीच. मग तिचे डोळे भरले. "त्याने आम्हाला विकलं, आजी."

"तुला विकायला तू त्याची कधी होतीस?" मी म्हटलं. "खेळ त्याचा होता, त्याने विकला. चूक केली असेल तर मी त्याचा कान धरीन, तो माझ्या हाताला येतो. तुम्ही त्याच्या बायकोच्या दारावर रंग कशाला ओतला? तिने काय केलं?"

 मी आतून घासायचा ब्रश आणि रॉकेलचा डबा आणून त्या मुलीच्या हातात दिला. पत्ता तुम्हाला माहीतच आहे म्हटलं. त्यांतली अकरा जणं गेली आणि दार घासून आली. बाकीची पांगली. या अकरांबद्दल कलम सहा आहे.

५. नव्या कंपनीचा माणूस आला तो कोट घालून. कोटाची डावी बाही अर्धा इंच लांब होती, मी ते सांगितलं. त्याने कागद पुढे केला. माझा आवाज त्यांना कायमचा हवा आणि शिवाय यंत्राला शिकवायचा, म्हणजे मी कधी बोललेच नाही तेही यंत्र माझ्या आवाजात बोलेल. मी विचारलं, यंत्र कोणावर रागावणार? तो म्हणाला, "आजी, कोणावरही. जो खेळेल त्याच्यावर." मी विचारलं, त्याने काय चूक केली हे यंत्राला दिसतं का? तो हसला. मी कागदाची नीट घडी घालून परत दिली. चूक न बघता झापायला मी काय थोरल्याची बायको आहे?

हे वरचं वाक्य वकीलबाईंनी खोडायला सांगितलं होतं. मी खोडत नाही.

तो माणूस जाताना थोरल्याला दारात भेटला. मी आत होते, पण माझे कान झडपेसारखे सैल झालेले नाहीत. त्याने विचारलं, आजींची तब्येत कशी असते. थोरला म्हणाला, "आईला यातलं काय कळतंय. थोडं थांबा. पुढे माझीच सही लागेल ना?"

थोरल्या, मी तुला लहानपणी एकदाही मारलं नाही, कारण तू नेहमी खरं बोलायचास. त्या दिवशीही तू खरंच बोललास, फक्त माझ्यासमोर नाही. तुझी सही लागणार नाही. घर का नाही दिलं याचं उत्तर हेच. राग धरू नकोस. धरलास तरी ठेव तेवढीच राहील.

६. म्हणून माझ्या आवाजाची कायमची व्यवस्था अशी.

माझी तीनशे बारा झापणी आणि त्यांवरचे सर्व हक्क मी अशा प्रत्येक माणसाला देते, जो त्या नदीत एकदा तरी बुडाला आणि ज्याने माझ्याकडून झापून घेतलं. त्यांनी ती ऐकावी, ऐकवावी, त्यांवर आपले खेळ करावे. विकू नयेत. यंत्राला शिकवू नयेत. दुसऱ्याच्या बायकापोरांवर वापरू नयेत. वापरणाऱ्याचा हक्क तिथेच संपला. यावर देखरेख नात करील, आणि तिच्या मदतीला दार घासणारी ती अकरा जणं. कंपनीने नदी बंद केली तर त्यांनी आपली नदी करावी. वरच्या दोन खोल्यांत त्यांची यंत्रं ठेवावी. भिंतीला खिळे ठोकायचे तर आधी नातीला विचारावं.

नव्या कंपनीला माझ्याकडून काही नाही, एक 'हं' सुद्धा नाही. आवाज उसना होता, तो मी या कागदाने परत मागितला आहे. माझ्या पश्चात तीस दिवसांत त्यांनी आपल्या खेळातून म्हातारी काढावी. नदी तुमची, होड्या तुमच्या. बुडालेल्याला कोण काढणार ते तुम्ही बघा.

७. मोठी कात्री, बोटात घालायचं अंगुस्तान आणि पायाचं मशीन चष्म्याला.

तो गेल्या आठवड्यात आला होता. दारात उभा राहिला, आत ये म्हटलं तेव्हा आला. बावीस माणसं कामाला होती, त्यांची घरं चालवायची होती, दुसरा घेणारा मिळाला नाही, असं म्हणाला. ते मला पटलं. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही बोलाल म्हणून." मग मी बोलले. कापडाच्या खोलीत बसवून बोलले, आणि नातीला यंत्र चालू करायला सांगितलं, कारण इतकी खरी चूक समोर बसलेली पुन्हा मिळाली नसती. शेवटी त्याने न सांगता माझ्या टोपलीतला एक सदरा उचलला आणि काज करायला घेतलं. चांगलं केलं. सदरा गिऱ्हाइकाला दिला.

त्या दिवशीच्या बोलण्यातलं शेवटचं, ते तीनशे तेरावं झापणं. ते मी मेल्याच्या दुसऱ्या दिवशी नातीने खेळणाऱ्यांना द्यावं, आधी नाही. ते असं आहे: "मी गेले. आता गचांडी धरून बाहेर काढायला कोणी येणार नाही. रडून झालं असेल तर वल्हं उचल."

८. माझ्यामागे भाषणं नकोत. फोटो लावायचा तर मशीनवर बसलेला लावावा, डोळे मिटलेला नको. दुकानात अर्धवट शिवलेले तीन ब्लाउज आणि एक शाळेचा गणवेश असेल, ते आधी पुरे करून पोचवावे.

साक्षीदारांबद्दल. ज्याला या कागदातून काही मिळतं त्याने साक्ष घालू नये, असा नियम आहे म्हणे. आवाज खेळणाऱ्या सगळ्यांना दिल्यामुळे, जन्मात कधी त्या नदीत न बुडालेली दोन माणसं शोधावी लागली. याला नऊ दिवस लागले. डॉक्टर बाद झाले. पोस्टमन बाद झाला. बँकेच्या साहेबांना विचारलं तर ते खाली बघायला लागले. इस्त्रीवाला छातीवर हात ठेवून नाही म्हणाला, पण घड्या घालताना गुणगुणल्यासारखं वल्हं उचल, वल्हं उचल म्हणत होता, तोही बाद. शेवटी हे दोघे मिळाले. दोघांच्या समोर मी सही केली, माझ्यासमोर त्यांनी केली.

साक्षीदार पहिला: चष्म्यांच्या दुकानाचे मालक. म्हणतात, दिवसभर लोकांचे डोळे बघून झाल्यावर पडद्याकडे बघवत नाही. (सही)

साक्षीदार दुसरी: कोपऱ्यावरच्या शाळेच्या निवृत्त बाई, वय ब्याण्णव. मला तिसरीला याच होत्या. सही करण्याआधी पूर्ण कागद वाचला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, आणि आवाज खाली असं या वेळी म्हणाल्या नाहीत. (सही)

लिहून देणार: शिंपीण. अंगठा नाही, सही आहे. (सही)

ठिकाण: माझं दुकान, बेतायचं टेबल, शटर पूर्ण उघडं.
दिनांक: अकरा जून, दुपारी, भर गिऱ्हाइकात.