न आलेले नऊ

४ मार्च, सोमवार

नऊ जण आलेच नाहीत.

आमच्या वॉर्डातून दारू सोडवून घरी पाठवलेले चाळीस पुरुष. निम्म्यांना मी वर्षभर दर आठवड्याला फोन केला, निम्म्यांना नाही. फोनने काही फरक पडतो का, एवढंच बघायचं होतं. वर्षाअखेरच्या तपासणीला एकतीस आले – त्यातल्या चोवीस जणांनी थेंबही घेतलेला नाही. मोठ्या डॉक्टरबाई खूश. "सिस्टर, न आलेल्यांना वगळा. आलेल्यांचंच लिहू."

मी म्हटलं, न आलेलेच पीत असतील तर? मग आपणच आपली पाठ थोपटून घेतोय.

बाईंनी चष्मा काढला. "पंधरा दिवस देते."

पुष्कळ झाले.

५ मार्च

नवरा म्हणाला, "वीस वर्षं पेशंट तुझ्या दारात, आता तू त्यांच्या." माझ्या चपलेचा अंगठा मात्र स्वतःच जाऊन शिवून आणला.

८ मार्च

चौघे सापडले. ट्रकवाला दारातच म्हणाला, "तुमचा फोन उचलायचो. मग परत प्यायला लागलो. तुमच्याशी खोटं बोलवेना, म्हणून नंबरच बदलला." दर आठवड्याचा माझा फोन – त्याच्यासाठी दर आठवड्याची परीक्षा झाला होता. हे कुठल्या रकान्यात लिहू?

आणखी दोघे पितात. चौथा गवंडी. त्याच्या आईने आत बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, "उशीर केलात, बाई. ऑगस्टमध्ये गेला तो." फॉर्मवर 'मृत' लिहिलं. जिना उतरताना रडले. मग डोळे पुसून पुढचा पत्ता.

११ मार्च

पायाला फोड. अजून पाच शोधायचे बाकी.

१५ मार्च

आठ झाले. पाच पितात, एक गेला, दोघे ठणठणीत. बाईंना सांगितलं. "सगळ्या आकड्यावर पाणी पडलं की हो." म्हटलं, पडू दे. खरा तरी आहे.

त्यांनी फाइल मिटून बाजूला सारली. रागावल्या असतील. रागावू देत.

१८ मार्च

नववा – शिंपी. मशीनवर बसून कॉलर जोडत होता. चौदा महिने घेतलेली नाही! मग आला का नाहीत?

त्याने पाय थांबवला. "मी दिवसभर बाहेर राहिलो, की ही घरात एकटी."

पडद्याआडून बायको आली. हात थरथरत होते. वॉर्डात हजारदा पाहिलेत असे हात, पण पुरुषांचे. ती म्हणाली, "ह्यांची सुटली, माझी लागली. तुमच्या कागदावर बाईला जागा आहे का?"

नाही. पहिल्याच ओळीत छापलंय – फक्त पुरुष. तो फॉर्म मीच बसून टाइप केला होता आणि एकदाही खटकलं नव्हतं. तिला सांगितलं, कागदाचं मी बघते, तुम्ही उद्या वॉर्डात या, मी दारात उभी असेन.

१९ मार्च

ती आली. दाखल करून घेतलं. बाईंना म्हटलं, आता बायकांची यादी करायची. नाही म्हणालात तरी मी रोज येऊन विचारणार.

त्या उठल्या, दार लावून घेतलं. "करा सुरू. दोन नावं लिहा."

दुसरं कुणाचं?

"माझं."

लिहिलं.