कडवट झालेला रस्सा

प्रिय ग्रीट,

तुझं कार्ड आलं. जत्रेच्या रविवारी किती वाजता येऊ, आणि येताना गेंटहून जाडसर वाटलेल्या मोहरीची बरणी आणू का, असं विचारलंयस. उत्तर त्याच दिवशी द्यायला हवं होतं. पण कार्ड घड्याळामागे खोचून ठेवलंय आणि येताजाता त्याच्याकडे बघतेय. रेमी म्हणतो, अगं बारा वाजता ये म्हणून लिहून टाक, त्यात काय एवढं. नवऱ्यांना सगळं सोपंच वाटतं. तू आधी माझं ऐकून घे, मग सांगते.

माझा डावा हात प्लास्टरमध्ये आहे. घाबरू नकोस, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी शेवाळावरून पाय घसरला, एवढंच. पण एका हाताने कांदा चिरता येत नाही आणि आपल्या बीफच्या रश्श्याला जवळजवळ मांसाइतकाच कांदा लागतो. तेव्हा गेल्या रविवारी आमचा वानेस म्हणाला, एल्केला येऊ दे, ती करेल. एल्के कोण हे तुला सांगायला नको. वानेसचं नवीन जमलंय ही बातमी गावाने अजून तुझ्यापर्यंत पोचवली नसेल, तर हे आपलं गावच नव्हे.

रेमीने मला अंगणात नेऊन बसवलं. सासू डोक्यावर उभी असली की सुनेचा हात चालत नाही म्हणे. माझ्या वेळी कुठे गेलं होतं हे शहाणपण, असं तू म्हणशील. बरोबर आहे. तुझ्या पहिल्या रश्श्याच्या वेळी मी चुलीपासून हलले नव्हते आणि तू मला म्हणाली होतीस, मा, तुम्ही एक तर ढवळा नाहीतर बसा. तोवर या घरात मला कुणी बस म्हटलं नव्हतं. त्या दिवशी मी बसले आणि तू मला आवडायला लागलीस.

पोरीने काम नीट केलं हो. मांस थोडं थोडं घेऊन लोण्यात छान लालसर परतलं. तमालपत्र, लवंग, थाइमची जुडी, वरून मोहरी माखलेला पाव, तोही मोहरीची बाजू खाली करून. अंगणापर्यंत वास येत होता. फक्त रश्श्यात घालायची काळी बिअर तळघरात असते हे तिला कुणी सांगितलंच नाही. तिने फ्रिजमधली ओतली, वानेस हल्ली पितो ती, फिकी आणि कडवट. प्यायला ठीक असेल. पण दुपारपर्यंत आटली की काढा होतो त्याचा.

ते कळायच्या आधीच ती आपला निळा मोठा वाडगा आणि वर झाकायला फडकं घेऊन चौकातल्या टपरीवर बटाट्याचे तळलेले काप आणायला गेली. तिथल्या रोझानला तू ओळखतेसच. वाडगा बघितला आणि भरल्या रांगेत मुद्दाम माझं नाव घेऊन विचारलं, हा तर झुल्माचा वाडगा, ग्रीट आजारी आहे की काय? एल्के लालबुंद होऊन परत आली. काप मात्र गरम होते, म्हणजे पळतच आली असणार.

जेवायला बसलो. पहिला घास घेतला आणि मी रेमीकडे बघितलं, रेमीने खिडकीकडे. तो खात राहिला. पण आपला वानेस! उचलली जीभ लावली टाळ्याला. काटा खाली ठेवून म्हणतो, "ग्रीटचा असा कधीच होत नव्हता." माझाच मुलगा आहे, पण त्या क्षणी प्लास्टरचा हात त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. तुला सोडून गेलेला माणूस तुझंच नाव घेऊन दुसरीला खाली बघायला लावतो, याची मला लाज वाटली. मला वाटलं पोरगी आता रडणार. रडली नाही. एक घास आणखी खाल्ला, गिळला आणि म्हणाली, "खरंच घाण झालाय. मा, हा सुधारायचा कसा?"

मी उठले आणि तिला स्वयंपाकघरात नेलं. पातेलं परत चुलीवर चढवलं, मधाच्या मसाल्याच्या केकचे दोन जाड काप कुस्करून घातले, मूठभर ब्राऊन साखर घातली. केक घालायचं हे मी ग्रीटकडून शिकले, असं तिला सांगूनही टाकलं. गावात इतकी वर्षं माझंच म्हणून मिरवलं, पण तिच्याशी खोटं बोलवेना. कडवटपणा पुरता गेला नाही, पण दबला. सगळ्यांनी पुन्हा वाढून घेतलं, वानेसने सुद्धा, आणि या वेळी तोंड बंद ठेवलं.

भांडी घासताना ती म्हणाली, जत्रेला ग्रीट येते दरवर्षी, वानेसने सांगितलंय. त्या दिवशी मी येणार नाही. तुम्हाला आमच्या दोघींतली एक निवडायला लागू नये. तिच्या बोलण्यात फुरंगटणं नव्हतं गं, म्हणूनच जड गेलं. फणकाऱ्याने बोलली असती तर मी म्हटलं असतं, नको येऊस, आणि तुला तासाभरात फोन केला असता.

तुम्हाला मूल असतं तर नातवाच्या निमित्ताने तू या घरात येत राहिली असतीस, कुणी काही विचारलं नसतं. आता तू माझी कोण लागतेस, याला शब्दच नाही. वानेसशी तुझं संपलं ते कोर्टात संपलं. माझ्याशी संपवायला मला कुणी कोर्टात बोलावलं नव्हतं. दोन वर्षं मी तुला जत्रेला बोलावत राहिले ते तुझ्यासाठी असं म्हणायचे. खरं म्हणजे माझ्यासाठी. तू टेबलापाशी बसलीस की मला वाटायचं, काही मोडलंच नाही. पण मोडलंय, ग्रीट. आणि ही मुलगी मला आवडली. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून मीच लिहितेय.

म्हणून या रविवारी येऊ नकोस. त्या दिवशी रस्सा एल्के करेल आणि मी अंगणात बसेन. सोमवारी सकाळच्या ट्रेनने मी गेंटला येतेय. रेमीला रश्श्याचं पातेलं उचलायला आणते, तो तुझ्या घराखाली कॉफी पीत बसेल. आपण दोघीच जेवू. तुला माझा राग आला असेल तर तसं कळव, मी पुढच्या सोमवारी येईन. तेव्हाही असला तर त्याच्या पुढच्या.

तुझीच,
मा