काडू नको

६ जानेवारी २०२५, सकाळी ९
संकल्प: मार्चअखेर कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, नीलेशचा कॅशचा कोड काढून टाकायचा. दूरच्या सर्व्हरवरची फाइल एकदा वाचली की तिची प्रत जवळच्या डिस्कवर ठेवणारा कोड. बारा वर्षांपूर्वी उत्तम होता, आता कोणी वापरत नाही. कर्नलवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर जाहीर केलं, मी काढतो. तीन दिवसांचं काम. माझा हा मित्र वारून तीन वर्षं झाली, पण त्याचा इथे संबंध नाही.

९ जानेवारी
लिस्टचे मेल फार येतात. एकाग्रता मोडते. सगळे थेट 'नंतर वाचू' फोल्डरमध्ये जातील असा फिल्टर लावला. आता जोर येईल.

२१ जानेवारी
फाइल उघडली. ओळ ४१२ वर नीलेशची कमेंट: KADU NAKO. परदेशातल्या एकाने मागे विचारलं होतं, हे काडू नाको गृहस्थ जपानी आहेत का, त्यांनाही मेल टाकू का. अर्थ फक्त मला कळतो. काढू नको. त्यात h नाही, कारण त्याच्या गावी, शिरगावात, बोलताना तो नसतो. उत्साहाच्या भरात मी चालता कोड उडवायचो, म्हणून ही ओळ त्याने माझ्यासाठीच लिहिली होती.
फाइल बंद केली. बोईसरला आज लाइट सारखी जात होती.

२ फेब्रुवारी, रविवार
शिरगावला मंदाकाकीकडे, नीलेशच्या आईकडे. दर महिन्याला जातो. नेहमीसारखं तिने विचारलं, माज्या नीलेशचा काम चालू हाय ना? सांगितलं, चालू आहे, जगभर. तीन वर्षं हेच सांगतोय. कोड काढला तर काय सांगू? म्हणजे दिरंगाई माझी नाही. म्हातारीसाठी आहे.

१७ फेब्रुवारी
नवा मॉनिटर घेतला. मोठ्या स्क्रीनवर काढायला सोपं जाईल.

३ मार्च
वैष्णवी म्हणाली, तीन दिवसांच्या कामाला दोन महिने झाले. बायकोला कर्नल कळत नाही. ओळ ४१२ पुन्हा पाहिली. डोळ्यांतून पाणी येतंय. मॉनिटरचा ब्राइटनेस कमी केला.

३० मार्च, पाडवा
शिरगाव. धीर करून काकीला सांगून टाकलं की कोड जुना झालाय. ती म्हणाली, जुना झाला तं काडून टाक. त्याचे शर्ट मी कवाच वाटले, तू कशाला धरून बसलास? मग थोड्या वेळाने म्हणाली, पन तूच काड. परक्याच्या हाताला नको.
जिच्यासाठी मी थांबलो होतो ती थांबलीच नव्हती. रिक्षात बसल्यावर हे लक्षात आलं.

१ एप्रिल, दुपारी २
काढला. १,१४० ओळी. ४१२ सगळ्यात शेवटी. फार वाईट वाटलं. सॉरी, नील्या. बदलाचा पॅच लिस्टवर पाठवला.

२ एप्रिल
कर्नलचा हा भाग सांभाळणाऱ्या मेंटेनरचं उत्तर. धन्यवाद, पण हा कोड फेब्रुवारीतच एका नव्या मुलीने काढला. तुमच्याकडची प्रत जुनी आहे, अपडेट करा. तुम्हाला चारदा विचारलं होतं.
'नंतर वाचू' उघडलं. चारही मेल होते. एक त्या मुलीचा. KADU NAKO म्हणजे काय, कोणाला माहीत असेल तर सांगा, तोवर मी थांबते. आठ दिवस थांबली होती.

६ एप्रिल, रविवार
काकीने विचारलं, काडलास? हो म्हटलं. तूच ना? हो, मीच. बरा केलास, म्हणाली, आणि वाडीतली केळी पिशवीत भरून दिली.