उशिरा येणाऱ्याला एक फेरी

गुरुवार, ६ मार्च

प्रिय दादा,

तू, वहिनी आणि दोन्ही पिल्लं खुशाल असाल. आम्ही इकडे मजेत. टपालाने पत्र आलेलं बघून धसका घेऊ नकोस, वाईट बातमी काही नाही. फोनवर तू "कसं काय?" विचारतोस, मी "मजेत" म्हणते, तेवढ्यात नाना हाक मारतात आणि आपलं बोलणं तिथेच आटोपतं. म्हटलं, कागदावर तरी मध्येच कुणी हाक मारणार नाही. (आत्ता मारलीच. चष्मा हवा होता. डोळ्यांवरच होता.)

नानांची तब्येत ठणठणीत. विसरणं तेवढं वाढलंय, पण भूक उत्तम, आणि आवाज असा की खालचा न्हावी म्हणतो, मास्तर वरून ओरडले की गिऱ्हाईकाची मान आपोआप सरळ होते. जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली, ती अंगातून कशी जाईल? शिट्टी गळ्यात असतेच. झोपताना काढून ठेवा म्हटलं तर मलाच कोपऱ्यात उभं करतात.

शिवणाचं कामही जोरात आहे. लोक वजन वाढवतात, कमी करतात, आणि मधल्या मध्ये माझं पोट भरतं.

आता खरी गंमत सांगते. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला सांगितलं होतं की घरी कुणाची देखभाल करणाऱ्यांसाठी आधारगट असतात, व्हिडिओवर, घरबसल्या. म्हातारी माणसं सांभाळणाऱ्यांचा गुरुवारी आणि लहान मुलांच्या आईबापांचा बुधवारी. मी आपली वार विसरले आणि कुणाच्या तरी पँटची चेन उसवत बुधवारीच फोनसमोर बसले. पडद्यावर चौकोनाचौकोनांत दमलेली माणसं. एक म्हणाली, आमच्याकडे रात्रभर जागरण. दुसरा म्हणाला, आमच्याकडे घास गालात धरून बसायचं आणि मग माझ्या शर्टावर. मला वाटलं, अरे, ही तर आपलीच माणसं! मग मीही सुटले. अंघोळ म्हटलं की आमच्याकडे रोज कुस्ती, एक मोजा चढवेपर्यंत दुसरा निघालेला, आणि जरा नजर चुकली की फाटकाबाहेर धूम. सगळे माना डोलावत होते. एकीने कळवळून विचारलं, "केवढं आहे हो?"

"मागच्या महिन्यात एक्याऐंशी पूर्ण झाली," मी म्हटलं.

मग त्या बाईला असं हसू फुटलं की तिच्या मांडीवरचं पोर दचकून रडायला लागलं. गट चालवणाऱ्या सिस्टर (निवृत्त नर्स आहेत, सगळे सिस्टरच म्हणतात) म्हणाल्या, "ताई, तुमचा गट उद्याचा." ती हसणारी म्हणाली, "राहू द्या हो सिस्टर. ह्यांची कुस्ती आमच्यापेक्षा वरच्या गटातली आहे, उपयोगी पडतील." तेव्हापासून मी बुधवारवाली. गुरुवारच्या गटातही एकदा डोकावले. माणसं फार चांगली, पण मला हसायची सवय लागली होती ना.

ह्या लोकांकडून मी केवढं शिकले! "शर्ट घाला" म्हणायचंच नाही म्हणे. "निळा घालता की पांढरा?" असं विचारायचं. दोन वर्षांच्या पोरांवर चालणारी युक्ती नानांवर अशी चालली की मी थक्क. अंघोळीचंही तसंच, आधी पाय धुवू की पाठ? मीही त्यांना थोडंफार देते. एक बेकरीवाला आहे, बायको नाही, एकटाच मुलीला वाढवतो. त्याला वेणी घालता येईना. मी तीन रंगांच्या तीन फिती घेतल्या आणि कॅमेऱ्यासमोर वेणी घालून दाखवली. पहिल्या आठवड्यात त्याने मुलीच्या डोक्याचा पाव केला होता. आता बरी घालतो.

आणि नाना! एका बुधवारी त्या हसणाऱ्या बाईची जुळी पोरं पडद्यावर नुसता धुमाकूळ घालत होती. नाना माझ्या मागून आले, वाकून पाहिलं, एवढी सगळी पोरं बघून त्यांचा चेहराच बदलला. फुर्र करून शिट्टी. "सावधान!" जुळी जागच्या जागी ताठ. बेकरीवाल्याची मुलगी टेबलाखालून बाहेर येऊन उभी. "हात वर! एक, दोन!" दादा, वेगवेगळ्या घरांतली ती शेंबडी फौज एका तालात हात वर करत होती. त्यांच्या आयांनी तर पडद्यावरूनच नानांना नमस्कार केला. आता दर बुधवारी पहिली दहा मिनिटं मास्तरांची कवायत. नानांना दर वेळी ती नवीच तुकडी वाटते. "ह्या वर्षीची पोरं तयार आहेत," असं मला सांगतात.

बाकी काही विशेष नाही. उजवा खांदा जरा कुरकुरतो, पण मशीनवर बसणाऱ्यांचे खांदे कुरकुरायचेच. जमलं तर कधी तरी चक्कर टाक. नाही जमलं तरी काही बिघडत नाही. तुझी कामं असतात, मला ठाऊक आहे. तसं काही नाही.

वहिनींना नमस्कार, पिल्लांना पापे.

तुझी,
लिंबू


गुरुवार, १३ मार्च

प्रिय दादा,

सोबतचं पत्र मागच्या आठवड्याचं. ते पाठवलं नाही, कारण ते नापास झालं. तरी जोडतेय, लिहायला एक अख्खी दुपार गेली होती.

कुणी नापास केलं, तर बुधवारवाल्यांनी. आमच्या गटाचा एक रिवाज आहे. शेवटी प्रत्येकाने एक मागणं सांगायचं, कुणाकडे काय मागणार ते. ते घरी जाऊन मागायचं आणि पुढच्या बुधवारी सांगायचं, मागितलं की नाही. मिळालं की नाही हे कुणी विचारत नाही, फक्त मागितलं का, एवढंच. आणि मागताना "जमलं तर", "नाही तरी चालेल", "तसं काही नाही" हे शब्द वापरायचे नाहीत. सिस्टर म्हणतात, हे शब्द म्हणजे आपणच समोरच्याला मागचं दार उघडून देणं.

जुळ्यांच्या आईने सासूबाईंकडे रविवारची सकाळ मागितली, झोपायला. बेकरीवाल्याने शेजारणीला मुलीला शाळेतून आणायला सांगितलं. मी मात्र दर बुधवारी काहीतरी फुटकळ मागून वेळ मारून नेत होते. न्हाव्याकडे मागितलं, घरी येऊन नानांची दाढी कर. तो म्हणाला, अहो, मी तर कधीपासून विचारायचं म्हणत होतो. मग वाण्याकडे मागितलं, सामानाची पिशवी वर पोचव. सिस्टर ऐकून घ्यायच्या. मागच्या महिन्यात म्हणाल्या, "ताई, तुमचं मोठं मागणं कुणाकडे आहे?" मी म्हटलं, भावाकडे. "मग लिहा. फोनवर तुम्ही 'मजेत' म्हणून मोकळ्या व्हाल."

म्हणून लिहिलं आणि काल गटात वाचून दाखवलं. कवायतीचा भाग सगळ्यांना भारी आवडला. वाचून झालं, मी टाळ्यांची वाट बघत बसले. बेकरीवाला पिठाचे हात पुसत म्हणाला, "ताई, छानच. पण ह्यात तुम्ही मागितलं काय?"

मी म्हटलं, "लिहिलंय की. चक्कर टाक म्हणून."

जुळ्यांची आई म्हणाली, "ते होय? मला वाटलं, तुम्ही त्यांना येऊ नका म्हणताय."

मी फोन उलटा करून ठेवला आणि ओव्हरलॉकच्या मशीनवर उगाच एक चिंधी फिरवत बसले. मग परत सुलटा केला. सगळे तिथेच होते.

तर आता सरळ सांगते. खांदा कुरकुरत नाही, फाटलाय. नाना न्हाणीघरात घसरले, मी त्यांना हातावर झेललं. त्यांना खरचटलंही नाही. माझा खांद्यातला स्नायू गेला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय, आणि मी दोनदा पुढे ढकललं. आता म्हणतात, आणखी ढकललंत तर हात खांद्याच्या वर जायचा नाही. म्हणजे कात्री, इस्त्री, माझं सगळं कामच गेलं. ऑपरेशननंतर सहा आठवडे हात गळ्यात. नानांना उठवायचं नाही, बसवायचं नाही, भरलेलं पातेलंसुद्धा उचलायचं नाही. तेवढ्या दिवसांसाठी नानांना ठेवायला एक जागा पाहून आले. स्वच्छ आहे, माणसंही गोड बोलतात. शिट्टी मात्र चालणार नाही म्हणाले. बाकीच्यांना त्रास होतो. बरोबरच आहे त्यांचं. पण नाना शिट्टीवाचून कसे राहतील, ह्या विचाराने मी परत येताना बसमध्ये रडले.

तू का येत नाहीस ते मला माहीत आहे. मागच्या खेपेला नानांनी तुला मीटरवाला समजून जिन्याखाली नेलं. तूही मुकाट्याने वाकून आकडा वाचलास. त्यांनी तुला पाणी दिलं, "पुढच्या महिन्यात या" म्हणाले. आपण दोघं काय हसलो! मग तुला एकाएकी काम आठवलं आणि तू संध्याकाळीच निघालास. मी वरून बघत होते. फाटकाशी खाली बसून तू किती तरी वेळ बुटाची नाडी बांधत होतास. ती बांधलेलीच होती, दादा.

मी तुला जे सांगितलं नाही ते हे, की मीही आता त्यांची मुलगी नाही. गेल्या पावसाळ्यापासून मी टेलरबाई आहे. घरी येऊन शिवणारी, जरा जास्तच थांबणारी. पहिल्यांदा "बाई" म्हणाले तेव्हा मी मशीनवर डोकं टेकून रडले, कुणाच्या तरी नव्या फ्रॉकवर. नाना जवळ आले, शिवण बघितली आणि म्हणाले, "हात सफाईदार आहे, बाई. तुमचे वडील खूश असतील तुमच्यावर." फोनवर तुला हे सांगितलं नाही, कारण मग तुला वाटलं असतं की आता जाण्यात अर्थच नाही. पण अर्थ आहे. त्यांना मी कोण ते कळत नाही, पण मी बरी आहे एवढं कळतं. मी दिसले नाही की शोधत फिरतात.

लहानपणी खेळात तुम्ही मला लिंबूटिंबू करायचात. मी आउट झाले तरी चालायचं, माझ्यावर राज्य कधी यायचं नाही. मला फार राग यायचा, एकदा तरी राज्य द्या म्हणून भोकाड पसरायचे. घ्या, मिळालं! इतकी वर्षं राज्य एकट्या माझ्यावर आहे आणि बाकीचे सगळे कुठे लपलेत कोण जाणे. आता तू बाहेर ये.

मागणं लिहिते. दादा, तू ६ एप्रिलला इकडे ये आणि २० मेपर्यंत नानांजवळ राहा. माझं ऑपरेशन ८ तारखेला आहे. मला तू हवा आहेस.

(ह्यापुढे "तुझ्या रजेचं बघ" असं लिहिलं होतं, ते खोडलंय. दिसत असेल तर न वाचता पुढे जा. तुझी रजा साठून वाया जाते, हे वहिनींनीच मला सांगितलंय.)

आता येण्याची रीत. मुलगा म्हणून येऊ नकोस. रोज सकाळी ओळखतील म्हणून वाट बघशील आणि रोज दुखेल. मीटरवाला म्हणूनही नको, मीटरवाल्याला ते पाणी देऊन वाटेला लावतात. विद्यार्थी म्हणून ये. पांढरे बूट घाल, शर्ट आत खोच, पोट जमेल तेवढं आत घे. दारात उभा राहा आणि म्हण, "सर, उशीर झाला." एवढंच. कारणं देऊ नकोस, कारणं त्यांना कधीच आवडली नाहीत.

ते घड्याळ बघतील, भुवया चढवतील. नियम तुला आठवत असेल, आपण दोघांनीही भोगलाय. उशिरा येणाऱ्याला मैदानाला एक फेरी. मैदान नाही, तर आपल्या इमारतीला मार. न्हावी बाहेर येऊन बघेल, बघू दे. फेरी झाली की ते शिट्टी वाजवतील आणि बोटाने जागा दाखवतील. उशिरा आला म्हणून नानांनी आजवर एकाही पोराला घरी पाठवलेलं नाही.

बुधवारी मला सांगायचंय की मागितलं. आत्ताच टपालपेटीत टाकून येते, नाही तर पुन्हा वाचत बसेन.

रांगेत तुझी जागा धरून ठेवणारी,
लिंबू
(इथलं सध्याचं नाव, टेलरबाई)