साडेनऊ विती

४ मार्च, सकाळी ७.१०
रोजनिशी पुन्हा सुरू करीत आहे. सौ. जाऊन आज एकशे बारा दिवस झाले. मी पूर्णपणे सावरलेलो आहे, हे प्रथमच नमूद करतो. ‘सौ.’ असे लिहिणे चालूच ठेवणार. सवयीचा शब्द आहे. भावनेचा प्रश्न नाही.

२८ तारखेला ट्रक. ३० तारखेला या घराचा ताबा नव्या मालकांना. त्यानंतर मुक्काम देशाच्या दुसऱ्या टोकाला, मुलीच्या शहरात, आम्ही दोघांनी गेल्या वर्षी घेतलेल्या फ्लॅटमध्ये.

संकल्प : रोज एक खोली आवरणे. खोल्या चार, दिवस चोवीस. वीस दिवस शिल्लक राहतात. घाईचे कारण नाही.

५ मार्च
तुलनेची वही सापडली. फ्लॅट घ्यावा की नाही, हे ठरविण्यासाठी आम्ही ती केली होती. डावीकडे जुने घर, उजवीकडे नवे. गुण मी दिले, शेरे तिने.

पाणी : जुने ६, नवे ९. तिचा शेरा : इथलं गेलं तर शेजारणीकडे बादली मागता येते.
शांतता : जुने ४, नवे ८. तिचा शेरा : मग बोलायचं कोणाशी? तुमच्याशी?

एकूण जुने १०४, नवे १३१. निकाल स्पष्ट होता. त्याखाली तिने लिहिले आहे : माझं कपाट बसणार असेल तरच येईन.

आणि नवे घर पाहून आल्यावर, त्याखाली : बसतं. कपाट नऊ विती, जागा साडेनऊ.

कपाट आमच्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिने सुतारापुढे उभे राहून करवून घेतले, तेही विती मोजूनच. मी चौतीस वर्षे वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. घरात प्रमाणित टेप तीन आहेत. तिने एकालाही कधी हात लावला नाही. नव्या घरी ती जागा मोजत असताना मी खाली किराणा दुकानात होतो. दुकानदाराच्या काट्यावर त्या वर्षीचा पडताळणीचा शिक्का नव्हता.

७ मार्च
मुलीचा फोन. विचारत होती, बाबा, कपाटाची जागा मी एकदा टेपने मोजून टाकू का? मी सांगितले की मोजणी झालेली आहे, फेरमोजणीस कारण दिसत नाही. ती म्हणाली, तुम्ही? तुम्ही असं म्हणताय? मी विषय बदलला.

१० मार्च
एक ड्रॉवर आवरला. त्यातील सर्व वस्तू पुन्हा त्यातच ठेवल्या. नीट बसल्या.

शेजारच्या वहिनी डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही बोलता ते भिंतीतून ऐकू येतं हो. मी खुलासा केला की सामानाची यादी मोठ्याने वाचतो. त्या म्हणाल्या, मग यादीला ‘ऐकतेस ना’ असं का विचारता?

संकल्प : यादी मनात वाचणे.

१५ मार्च
ट्रकवाल्यांचा मुकादम सामान पाहून गेला. कपाटापुढे उभा राहून म्हणाला, काका, आधी हे ठेवलं आणि मग भोवती घर बांधलं का? विनोद बरा होता. मी हसलो नाही.

जागेचे माप सेंटिमीटरमध्ये हवे, असा त्याचा हट्ट. तिकडे बसलं नाही तर आम्ही परत आणत नाही, असे बजावले. मी त्याच्यासमोर शास्त्रशुद्ध रीत वापरली. कपाट १७१ सेंटिमीटर. भागिले नऊ. म्हणजे सौ.ची वीत १९ सेंटिमीटर. साडेनऊ विती म्हणजे १८०.५. कपाट बसून साडेनऊ सेंटिमीटर उरतात. तसे लेखी दिले, खाली सही केली.

तो म्हणाला, आणि बाईंना फोन लावून विचारलं तर?
त्याला माहीत नव्हते. त्याचा दोष नाही.

दुपारी यादीचे काम झाले नाही.

२१ मार्च
मुलीने परस्पर जाऊन जागा मोजली. १४७ म्हणते.

तिचा टेप शिंप्याचा आहे. कापडी टेप ताणतात. तसे सांगितले. तिने स्टीलचा टेप आणला. १४७. मी म्हणालो, दुसऱ्याच खोलीत मोजले असशील. तिने फोनवर जागेचा फोटो पाठवला. मी म्हणालो, बिल्डरने मागाहून भिंत सरकवली असेल. मग ती म्हणाली, बाबा, गेल्या वर्षी आईचा हात उघडतच नव्हता. बोटं आखडली होती. डब्याचं झाकणसुद्धा ती माझ्याकडून काढून घ्यायची. साडेनऊ विती त्या हाताच्या आहेत. नऊ विती तिशीतल्या हाताच्या. तुम्हांला माहीत नव्हतं?

मी म्हणालो, अर्थात माहीत होते.

२२ मार्च
माहीत नव्हते.

२३ मार्च
१४७ भागिले साडेनऊ. साडेपंधरा.

म्हणजे वितीमागे साडेतीन सेंटिमीटरची तूट. दुकानदाराने किलोमागे दहा ग्रॅम मारले तरी मला दारातून कळत असे. लोक तसे सांगतात अजून. ती कप दोन्ही हातांनी धरू लागली होती. मला वाटले, थंडी आहे. एकदा म्हणालोही, कपाचा कान धरून तो उचलावा, तशी पद्धत आहे. तिने उचलून पाहिला. सांडला. मी फडके आणून दिले.

फडके आणून दिले, एवढे केले.

२४ मार्च
उपाय सापडला. कपाट बदलता येत नसेल, तर जागा बदलावी. त्या जागेच्या उजवीकडचा खांब काढून टाकण्याची परवानगी मागणारे पत्र नव्या सोसायटीच्या सेक्रेटरींना फोनवरून पाठविले. पाच मुद्दे, सर्व तर्कशुद्ध.

सायंकाळी त्यांचाच फोन. म्हणाले, काका, त्या खांबावर सहा मजले उभे आहेत. खांब हलणार नाही. तुम्हीच काय ते हला.

२६ मार्च
निर्णय. जाणे रद्द. तिची अट लेखी होती आणि ती पूर्ण होत नाही. मुलीला तसे कळविले. ती म्हणाली, तीस तारखेला नवे मालक सामान घेऊन दारात येतील. मग कुठे राहणार आहात, कपाटात?

रुंदी पुरेशी आहे. खोली फक्त साठ सेंटिमीटर. गुडघे दुमडावे लागतील.

फोनवर ती रडू लागली. मग हसू लागली. मग पुन्हा रडू लागली. मी घड्याळ पाहत राहिलो. अशा वेळी काय करावे, हे आजवर तिची आई पाहत असे.

२८ मार्च
ट्रक आला. मुकादमाने विचारले, काका, कपाट घ्यायचं की ठेवायचं? मी घ्यायचे म्हणालो. प्रवासात लाकूड आकसते, असे कोठेतरी वाचले आहे. तो म्हणाला, हातभर नाही आकसत हो. मी म्हणालो, चोवीस सेंटिमीटरला हातभर म्हणत नाहीत. सात माणसांनी ते खाली उतरविले. भिंतीवर कपाटामागचा मूळ रंग निघाला. हिरवा. घर हिरवे होते, हे मी विसरलो होतो.

३ एप्रिल, सकाळी ११
नवे घर. लाकूड आकसले नाही. कपाट दोन दिवस जिन्याच्या पॅसेजमध्ये उभे आहे. मजल्यावरची मंडळी त्याच्या बाजूने तिरकी होऊन जातात आणि माझ्याकडे पाहून नमस्कार करतात. सेक्रेटरी दोनदा येऊन गेले.

आज सुतार आला. चोवीस सेंटिमीटर आणि वर बोटभर कापावे लागेल, म्हणाला. कोणत्या बाजूने कापू, असे विचारले. डावीकडे माझे कप्पे, उजवीकडे तिचे. मी वही घेऊन दोन्ही बाजूंना गुण देण्यास बसलो. पाऊण तास गेला. सुताराने चहा घेतला, दुसरा घेतला, करवतीला धार लावली.

शेवटी मी म्हणालो, तुम्हीच ठरवा.

मुलगी दारात उभी होती. म्हणाली, बाबा, हे एकदा तरी आईला म्हणायला हवं होतंत.

मी वही मिटली. सुताराने करवत लावली.